लय आशा धरू नका

खोली दाखवताना घरमालक काय काय बोलतात ते मला तोवर पाठ झालं होतं. चोवीस तास पाणी, भरपूर हवा, शांत वस्ती, शेजारी देवमाणसं. नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली आणि चार दिवसांत मी अशा नऊ खोल्या पाहिल्या. दहाव्या खोलीचे मालक जिना चढता चढताच म्हणाले, "म्याडम, लय आशा धरू नका. खोली काय खास नाय."

मी विचारलं, "पाणी येतं का?"

"येतं कधी. नाय येत कधी."

"पावसाळ्यात गळते?"

"आजपर्यंत तर नाय गळली. पण गळंल. गळायला काय लागतंय?"

मग त्यांनी न विचारता बाकीची माहिती पुरवली. समोरच्यांचा कुत्रा चावतो. डास आहेत. जिन्याची तिसरी पायरी घसरडी आहे. बायको फटकळ आहे आणि ते स्वतः माणूस म्हणून अगदीच टाकाऊ आहेत. मी मुळात तापट. नऊ ठिकाणी ऐकलेल्या गोड थापांचा राग माझ्या डोक्यात होता, तो मी या खोलीवर काढला, म्हणजे ती तिथल्या तिथे घेऊन टाकली.

राहायला गेले तर पाणी सकाळ-संध्याकाळ धो धो. छत कोरडं ठणठणीत. कुत्रा इतका म्हातारा की त्याने चावायचं मनावर घेतलं असतं तरी दात दुसऱ्याचे आणावे लागले असते. खिडकीतून झेंडूचे वाफे दिसायचे आणि त्यांच्या पलीकडे कुणाचा तरी द्राक्षांचा मांडव. आठव्या दिवशी मालक जिन्याखाली माझी वाट बघत उभे होते.

"काय म्याडम, कशी काय खोली?"

"छान आहे की. उगाच घाबरवलंत मला."

त्यांचा चेहरा फुलला. "मंग. चांगली हाय म्हणून आधीच सांगितलं असतं, तर हा आनंद झाला असता का तुम्हाला?"

हे आमचे नाना. नाशिकला लागून असलेल्या आमच्या मखमलाबादेत लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. धंदा फुलांचा आणि छंद लोकांच्या अपेक्षा पाडण्याचा. त्यांच्या माडीवर मी सहा वर्षं राहिले. त्या सहा वर्षांत त्यांच्या तोंडून कुठल्याही गोष्टीबद्दल आधी चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही. चहाचा कप पुढे करताना "बेकार झालाय" हे ठरलेलं. लग्नाला निघताना "जेवणाचं काय खरं नाय, घरून खाऊन चला." आणि पंगतीत जिलबी आली की आख्ख्या मांडवात त्यांच्याइतकं खूष कोणी नसायचं.

बाजारात माल भरायची एक रीत आहे. टोमॅटो असोत की झेंडू, क्रेटच्या वरच्या थरात निवडक माल लावायचा आणि बारकं-सारकं खाली दडपायचं. घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, तो सरळ तळाशी हात घालतो. कोणी कोणाला फसवत नाही, रीत म्हणून सगळे करतात. नाना उलटं भरायचे. चिमलेली, दबलेली फुलं वर आणि खाली सगळी टपोरी. नवा व्यापारी तोंड वाकडं करून पुढे निघून जायचा. जुने मात्र कोपरापर्यंत हात घालायचे, मूठ बाहेर काढायचे आणि हसायचे. नानांना तेवढं हसू पाहिजे असायचं. भाव त्याने वाढायचा नाही, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कपाळाला हात लावायच्या, पण नाना दिवसभर खुशीत असायचे.

एकदा मी त्यांना लॅबमध्ये नेऊन रक्त तपासायला लावलं. सुई टोचायच्या आधी म्हणाले, "साखर चारशे असंल. लिहून ठेवा." रिपोर्ट अगदी व्यवस्थित आला. साखर वाढलेली नाही या आनंदात त्यांनी अख्ख्या लॅबला पेढे वाटले आणि स्वतः तीन खाल्ले.

हे सगळं गमतीचं वाटतं ते भाडेकरूला. पोटच्या पोरीला काय वाटत असेल, हे मला वैशालीची ओळख झाल्यावर कळलं. वैशाली ही त्यांची एकुलती एक लेक, माझ्याच वयाची. जावई मूळ सायखेड्याचे, पण टेम्पोच्या धंद्यासाठी इथेच दोन गल्ल्या सोडून राहायला आलेले, त्यामुळे तिचं रोज जाणं-येणं. तिने मला दहावीच्या निकालाची गोष्ट सांगितली होती. नानांनी महिनाभर आधीपासून सगळ्या वस्तीत सांगून ठेवलेलं, पोरगी नापास होणार. निकाल लागला तर ती शाळेत पहिली. नानांनी ताट भरून पेढे वाटले आणि दारोदार जाऊन सांगितलं, "पास झाली एकदाची." पहिली आली हे कोणाला कळलंच नाही. बायका येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, सुटलीस बाई. ती कोपऱ्यात बसून रडली, तर लोकांना वाटलं आनंदाने रडतेय.

तिला बघायला आले तेव्हाही तेच. पाहुणे बसले, पोहे आले आणि नाना म्हणाले, "पोहे काय खास नसतील. पोरगी पण तशीच हाय. एकदा बोलाय लागली की थांबत नाय." सायखेड्याचे लोक घाबरत घाबरत पोहे खायला लागले आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. लग्न जमलं. वैशाली हे हसत सांगायची, पण शेवटी एक वाक्य हमखास यायचं, "बापाने मला आजवर एकदाही चांगलं म्हटलेलं नाही, माहितेय?"

अशा माणसामागे काहीतरी जुनं दुःख असणार, असं मला आपलं वाटायचं. कधीतरी मोठी आशा धरली असेल, ती मोडली असेल. मी एकदा काकूंना हळूच विचारलं. काकू देवळ्याकडच्या, चिडल्या की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. त्या म्हणाल्या, "काय दुःख नई, काय नई. पहिलापासून असाच शे हाऊ माणूस. लग्नात हार घालताना माले सांगस, लय आशा धरू नको." विषय संपला.

आता महापालिकेच्या निवडणुकीचं सांगते.

आमच्या भागातली एक जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि वैशाली उभी राहिली. तिला उभं केलं ते एका मोबाइलवरच्या व्हिडिओने. रस्त्याकडेला भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना बसायला ओटे आणि जायला स्वच्छतागृह हवं, म्हणून ती चार वर्षं अर्जामागून अर्ज करत होती. एका बैठकीत तिला बोलायला मिळालं आणि ती सलग सात मिनिटं बोलली. सकाळपासून दुपारपर्यंत या बायका पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण जायला जागा नाही, हे तिने असं काही सांगितलं की खुर्चीवरचे सगळे खाली मान घालून बसले. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि तो व्हिडिओ वस्तीभर फिरला. निवडणुकीत तिच्यासमोर उभ्या होत्या शोभाताई. त्यांचे यजमान म्हणजे माजी नगरसेवक, ज्यांना सगळे अप्पा म्हणायचे.

मग इथल्या एका केबल चॅनेलने जाहीर केलं, की दोघी उमेदवार एकाच मंचावर समोरासमोर बोलणार आणि ते टीव्हीवर थेट दिसणार. रविवारी सकाळी अकरा वाजता, मंगल कार्यालयात.

असलं काही आमच्याकडे आधी झालेलं नव्हतं. त्यामुळे लोकांनी आपापल्या मनात त्या तासाभराचा पुरा सिनेमाच काढून टाकला. मिसळीच्या दुकानात नाना आणि मी शेजारी बसलो होतो, तर मागच्या टेबलावर हेच चालू.

"वैशूताई पाच मिनिटांत तिला रडवती का नाय बघ."

"अरे, शोभाताईला शिकवायला पुण्याहून बाई आणलीय. इंग्लिशमधी बोलणारे म्हणं."

"आपण पहिल्या रांगेत बसायचं. खुर्च्या उडाल्या तर फोटो घ्यायला बरं."

एक निवृत्त शिक्षक होते, ते म्हणाले, "मुद्देसूद चर्चा व्हावी एवढीच आमची अपेक्षा." त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही.

नानांचा पाव रश्शात तसाच राहिला. बाहेर पडल्यावर म्हणाले, "म्याडम, लय वर गेलं."

"काय वर गेलं?"

"लोकांचं. ते शंभराची आशा धरून येणार. पोरगी नव्वद बोलली, तर दहा कमी पडली म्हणतील. तेच धाची आशा धरून आले आन ती तीस बोलली, तर डोक्यावर घेतील. खाली आणलं पायजे."

आणि दुसऱ्या दिवसापासून नाना कामाला लागले. फुलबाजारात, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत, जिथे चार माणसं तिथे नाना. "तो व्हिडिओ सोडा हो. ते एकदा जमलं. तिला माइक दिसला की घाम फुटतो. रविवारी दोन वाक्यं बोलली तरी मी पेढे वाटीन." जावई हबकले. पण दोन-तीन दिवसांत प्रचाराला फिरणाऱ्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्या बायका वैशालीचं नाव काढलं की "बिचारी गं" म्हणायला लागल्यात आणि आशीर्वाद देतायत. नानांचं ठीक चाललं होतं.

अडचण एवढीच झाली की हे अप्पांच्याही लक्षात आलं. अप्पा राजकारणात मुरलेले. तोवर ते बायकोला फर्डं भाषण करणारी म्हणून मिरवत होते. एका सकाळी त्यांनी पानाच्या टपरीवर उलटा सूर लावला. "आमच्या हिला कुठं बोलता येतं? पंचवीस वर्षांत माझ्याशी बोलली असंल तर शपथ." शोभाताईंचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकलेली माणसं तिथेच पान खात उभी होती, तरी त्यांनी माना डोलावल्या. निवडणुकीत लोक काय वाटेल ते खरं मानतात.

नाना मागे हटणारे नव्हते. ते म्हणाले, वैशाली प्रभागाचा नंबर विसरते. अप्पा म्हणाले, शोभा स्वतःची निशाणी ओळखत नाही, परवा पत्रक उलटं धरून वाटत होती. नाना म्हणाले, वैशालीला उभं राहिलं की चक्कर येते, अंगात रक्तच नाही. हे मला लॅबमध्ये दोन बायकांनी येऊन विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी घरी येऊन नानांना सुनावलं की माझ्या लॅबच्या नावाने असलं काही पसरवलंत तर तुमचीच साखर चारशे लिहून देईन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चारशेच्या खाली यायची नाय ती."

शुक्रवारपर्यंत अशी परिस्थिती झाली की दोन्हीकडची माणसं दारोदार फिरून सांगत होती, आमच्या बाईला काही येत नाही, तुम्ही बघायला मात्र नक्की या. चॅनेलच्या निवेदकाला घाम फुटला. त्याने जावयांना फोन केला. "ताई बोलतील ना? पूर्ण तासाचा कार्यक्रम आहे आणि थेट आहे." जावई म्हणाले, बोलतील हो. पण त्याचा विश्वास बसेना. त्याने वस्तीतलं भजनी मंडळ बोलावून ठेवलं. मंडळाला एकच सूचना होती, मंचावर कोणी गप्प झालं की सुरू करायचं.

वैशाली दिवसभर प्रचारात, तिच्या कानावर यातलं फारसं आलंच नव्हतं. तिला सांगितलं कोणी, तर खुद्द शोभाताईंनी. शनिवारी सकाळी दोघींची गिरणीत गाठ पडली. दळण टाकून उभ्या असताना शोभाताई म्हणाल्या, "वैशाली, तुझे वडील आणि माझा नवरा, दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावू आपण. काय बोलत फिरतायत ऐकलंस का?" आणि त्यांनी सगळं सांगितलं.

ती तिथून सरळ माहेरी आली. नाना अंगणात क्रेट भरत होते, काकू शेंगा सोलत होत्या आणि मी जिन्यात चहा घेत बसले होते. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"नाना, मला माइक बघून घाम फुटतो?"

"फुटायचा कधी कधी."

"मी नंबर विसरते? मला चक्कर येते?"

"तुझ्याच भल्यासाठी केलं गं. लोकं खूष व्हतील."

"लोकांचं जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. उद्या मला जमेल का नाही?"

नाना फुलं भरत राहिले. मग म्हणाले, "बघू. लय आशा..."

"नका बोलू पुढे," वैशाली म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खालीच आला होता. "दहावीला हेच. लग्नाला हेच. चाळिशीला आले मी, नाना. एकदा तरी माझ्यावर आशा धरून बघा. मोडली तर मोडली. तुमच्या अपेक्षेत कधी बसलेच नाही मी, कारण तुम्ही ती ठेवलीच नाही कधी."

ती निघून गेली. काकू सोललेले दाणे परत टरफलांत टाकत होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. नानांनी त्या दिवशी तीन क्रेट इतरांसारखे भरले, मोठी फुलं वर ठेवून. काकूंनी मला खुणेने दाखवलं.

रविवारी मंगल कार्यालय खचाखच भरलं. लोक मोठ्या मजेत आले होते. कुणालाच काही अपेक्षा नसल्यामुळे वातावरण लहान मुलांच्या गॅदरिंगसारखं झालं होतं. भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन मंचाच्या कडेला, डोळे उमेदवारांच्या तोंडाकडे. नाना शेवटच्या रांगेत, दाराजवळ, टोपी हातात घेऊन.

आधी शोभाताई उठल्या. "नमस्कार, मी तुमची शोभा," एवढंच म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "जमतंय ताई, जमतंय." त्यांनी कागदावरच्या तीन ओळी वाचल्या, प्रत्येक ओळीला शिट्ट्या. चौथ्या ओळीला त्यांनी विचार केला असावा की आता जास्त ताणण्यात अर्थ नाही. धन्यवाद म्हणाल्या आणि बसल्या. पाच मिनिटं दिली होती, एका मिनिटात आटोपलं. अप्पा पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मग वैशाली. तिने नमस्कार केला, टाळ्या. प्रभागाचा नंबर सांगितला, तर लोक उठून उभे राहिले. आठवला, नंबर आठवला, असं एकमेकांना सांगू लागले. ती मुद्द्यावर आली. "आपल्याकडच्या बायका पहाटे भाजी घेऊन रस्त्यावर येऊन बसतात आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोट..." वाक्याच्या मधेच टाळ्या. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, रोज आमच्या कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी. वैशाली बोलत होती ते तिच्याबद्दलच होतं, आणि सगळ्यात जोरात टाळ्या तीच वाजवत होती. एक अक्षर तिच्या कानात शिरलं नव्हतं. पोरगी बोलतेय, पडत नाही, एवढ्यावरच बाई धन्य झाली होती.

वैशाली थांबली. "टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. त्यालाही टाळ्या पडल्या.

मला त्या क्षणी नानांचा इतका राग आला की मागे वळून त्यांना डोळ्यांनी खाल्लं असतं. शाळेत पहिली आलेल्या मुलीला पास झाली म्हणून पेढे वाटतात, ते कसं दिसतं हे मी आता माझ्या डोळ्यांनी बघत होते. फक्त या वेळी वस्ती मोठी होती आणि समोर कॅमेरा होता.

निवेदकाला गंमत सुचली. तो माइक घेऊन सरळ मागे गेला. "ताईंचे वडील आपल्यात आहेत. नाना, तुमची काय अपेक्षा होती आणि ताईंनी ती किती पूर्ण केली?"

कॅमेरा वळला, अख्खं कार्यालय वळलं. नाना उठले. टोपी घातली, काढली, परत घातली.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले.

लोक हसले.

"हसू नका. तिला घाम येत नाय, चक्कर येत नाय. नंबर तिला पाठ हाय. सगळं मी उठवलं व्हतं. शाळेत पहिली आली व्हती ती. ते पण मी कोणाला सांगितलं नाय." टोपी पुन्हा हातात आली. "आन अपेक्षा म्हणाल, तर माझी लय अपेक्षा हाय. तिनं नीट बोलावं. निवडून यावं. भाजीवाल्या बायांना वटे करून द्यावे, मोरी-संडास धरून. यात काय कमी पडलं तर मला चालणार नाय. आन तुम्ही टाळ्या वाजवू नका. लहान पोर नाय ती."

आणि ते बसले.

मी वैशालीकडे पाहिलं. भर बैठकीत सगळ्यांना खाली मान घालायला लावणारी ती बाई, तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आणि कपाळावर खरोखर घाम. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बापाने तिच्याकडून काहीतरी मागितलं होतं आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली होती.

मंचावर कोणी गप्प झालं की सुरू करायचं, अशी सूचना होती. बुवांनी मृदंग्याला मान हलवली आणि भजनी मंडळाने एकदम वरच्या पट्टीत सुरुवात केली. निवेदक हात हलवत धावला. बुवांना वाटलं, तो जोर वाढवायला सांगतोय. त्यांनी जोर वाढवला. दोन म्हाताऱ्या भक्तिभावाने उभ्या राहिल्या. शोभाताईंनी टेबलावर डोकं ठेवलं, त्यांना हसू आवरत नव्हतं. मंडळ थांबेपर्यंत दोन कडवी झाली होती.

त्या गोंधळात वैशाली हसली आणि तिचा आवाज सुटला. ती दिलेल्या वेळेच्या दुप्पट बोलली. कोणी टाळी वाजवली नाही. ती मेथीवाली म्हातारी हनुवटीला हात लावून ऐकत होती, आणि पाण्याचं आलं तेव्हा तिने पदर तोंडाशी नेला. बोलणं संपल्यावरही थोडा वेळ कोणी हललं नाही. बुवांचा हात परत मृदंग्याकडे जायला लागला, तो मी स्वतः जाऊन धरला.

आता हे इथे संपलं असतं, तर मी म्हणाले असते नाना जिंकले. पण चॅनेलने पुढचे चार दिवस पुन्हा पुन्हा दाखवलं ते भजनी मंडळ. मोबाइलवर फिरलं तेही तेच. वैशाली जे बोलली ते कार्यालयात बसलेल्यांनी ऐकलं; भजन लागल्यावर कार्यक्रम संपला असं समजून घरोघरी टीव्ही बंद झाले होते, त्यामुळे बाकीच्यांपर्यंत पोचलं नाही. बाजारात माणूस क्रेटच्या तळापर्यंत हात घालतो, टीव्हीत हात घालता येत नाही. आणि शोभाताईंबद्दल घरोघरी एकच बोलणं, किती साधी बाई, येत नसताना बोलली बिचारी. वैशालीकडून मात्र लोक आता खूप काय काय मागायला लागले होते. ती निवडून येणार, हे तर तिच्या बापानेच टीव्हीवर सांगितलेलं.

निकालाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत सगळं स्पष्ट झालं. वैशाली पडली.

मी अर्धा दिवस रजा टाकून घरी आले. नाना अंगणात पालथ्या क्रेटवर बसले होते. दारात काकू. मला बघून म्हणाल्या, "सकाळपासून चहा नाय घेतला यांनी." मी जाऊन शेजारी उभी राहिले. नाना म्हणाले, "मी वर नेलं म्याडम. शेवटच्या घडीला मीच वर नेलं. गप बसलो असतो तर आली असती."

ते बहुतेक खरं होतं.

थोड्या वेळाने वैशाली स्कूटीवर एकटीच आली. डोळे लाल होते, म्हणजे वाटेत रडून झालं होतं. तिने स्कूटी लावली, नानांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. समजूत काढून घ्यायला आली होती, पण ते विसरून ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"नाना, तुम्हाला खरंच वाटलं होतं, मी निवडून येईन?"

"वाटलं व्हतं."

"म्हणजे थोडंसं?"

"पुरं वाटलं व्हतं."

नानांच्या मागे एक ओलं गोणपाट पसरलेलं होतं. तिने ते उचललं. खाली झेंडूचा हार, माणसाच्या उंचीचा, मधे मधे शेवंतीची पांढरी फुलं. असला हार मी नानांच्या घरात कधी पाहिला नव्हता, ते फक्त फुलं विकायचे.

"हे काय?"

"काय नाय. ठेव ते."

काकू दारातून म्हणाल्या, "सकाळी निकालाच्या आधी बसून ओवला. मी म्हटलं, आधी निकाल तर लागू द्या. तर म्हणे, लागल्यावर कुठं वेळ मिळणार."

वैशालीने हार उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "नाना, लय वाईट वाटतंय का?"

"लय."

"माझ्यामुळे?"

"मंग कुणामुळं? हरलीस ना."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. हरलेल्या उमेदवाराला इतकं खूष मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. तिने हार नानांच्या हातात दिला.

"हरलेल्याला घालत नसतात," नाना म्हणाले.

"घाला," ती म्हणाली आणि तिने मान खाली वाकवली.